ओल्या भिंतीची खोली

१

दाराला आतून कडी होती. भागीरथीनं आधी हाका मारल्या, मग दोन्ही मुठींनी दार बडवलं. आतून आवाज नाही. सासूची झोप सावध. पातेल्यावर झाकण पडलं तरी ती उठून बसायची.

"हिलालभाऊ! ओ हिलालभाऊ!"

शेजारच्या खोलीत हिलाल रातपाळी करून झोपला होता. तो लुंगी सावरत बाहेर आला, भागीरथीचा चेहरा बघितला आणि काही न विचारता दाराला खांदा दिला. तिसऱ्या धक्क्याला कडी उखडली.

आतून कोंदट, गरम हवेचा लोट अंगावर आला. पाऊस कधीचा थांबला होता, पण खोलीत भट्टी लावल्यासारखी ऊब होती. भिंतीपाशी शेगडीत निखारे अजून लाल होते. खाटेवर पार्वतीबाई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. भागीरथीनं त्यांना आपल्याकडे वळवलं आणि हात मागे घेतला. म्हातारीचे गाल गुलाबी झाले होते. जिवंतपणी इतका रंग त्या चेहऱ्यावर कधी आला नव्हता.

भागीरथीचा नवरा सुपडू कापडाच्या लूमवरून धावत आला तोवर सुरतेतल्या डिंडोलीची ती सगळी चाळ अंगणात जमली होती. बाईला काय झालं, कसं झालं, कुणालाच सांगता येईना. मग गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "आठ दिवसांमागं भूपेंद्रभाई इथंच उभा राहून बोलला होता ना, सरळ निघत नसाल तर दुसरा रस्ता आहे म्हणून?"

सगळ्यांना ते आठवलं. घरमालक भूपेंद्रभाईला ती खोली रिकामी हवी होती. तिथं त्याला एम्ब्रॉयडरीचं मशीन टाकायचं होतं.

मागच्या इमारतीत माळ्यावर राहणारी सुंदरा पदर तोंडाला लावून रडत होती. पार्वतीबाईंना ती मावशी म्हणायची. ती हुंदका आवरत म्हणाली, "म्या बघितलं त्याला. दुपारी गच्चीवर होता. माझ्या खिडकीतून सरळ दिसतंय."

सुपडूनं आईचा हात खाटेवर ठेवला. तो बाहेर आला. कोपऱ्यात बांधकामाची सळई पडली होती, ती त्यानं उचलली. कुणीही त्याला अडवलं नाही.

भूपेंद्रभाई पुढच्या गल्लीत ओट्यावर बसून चहा पीत होता. पहिला फटका त्यानं हातावर झेलला आणि हाड मोडल्याचा आवाज गल्लीभर ऐकू गेला.

"मन्ही मायले मारी टाकं ह्यानी!" सुपडू ओरडला आणि त्यानं सळई पुन्हा वर उचलली. या वेळी ती डोक्याच्या रोखानं होती.

२

सळई खाली आली नाही. मागून कोणीतरी सुपडूचं मनगट धरलं होतं.

"सोड," तो माणूस म्हणाला. "एक मढं घरात आहे. दुसरं कशाला?"

ते जमादार बाबुराव वाडिले. शहाद्याकडचे, सुरतेच्या पोलिसात पंचवीस वर्षं काढलेली. डिंडोली-बमरोलीकडं काही घडलं की त्यांनाच पाठवत, कारण इथली माणसं घाबरली की अहिराणीत बोलतात. अंग जड, बोलणं हळू. हातात कायम काळी छत्री.

भूपेंद्रभाईला पहाऱ्यात इस्पितळात नेलं. डॉक्टरनी पार्वतीबाईंना पाहून दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, विष नाही, मार नाही. कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू भिनला. असं मेलेल्या माणसाचा चेहरा गुलाबी दिसतो.

"म्हणजे अपघात," पोलीस ठाण्यात सगळे म्हणाले.

बाबुरावांनी छत्री उचलली. ते परत त्या खोलीत आले आणि दारात उभे राहिले.

समोरची भिंत वरपासून काळी पडली होती. बुरशीचे ठिपके छताजवळ दाट, एकमेकांत मिसळलेले, खाली येता येता विरळ. चुन्याचे पोपडे सुटून लोंबत होते. लोखंडी पेटीवर पांढरी बुरी चढली होती. पुढची खिडकी लाकूड फुगून चौकटीत अशी बसली होती, की बाबुरावांनी जोर लावूनही हलली नाही. मागच्या भिंतीत छताखाली एक झरोका होता, दोन गज घातलेला. खोलीतली हवा जायला तेवढीच वाट. झरोका उघडा होता. त्यातून उजेडाचा तुकडा खाटेवर पडला होता.

"किती दिवस झाले ही ओल?" त्यांनी विचारलं.

"होळीपासून, साहेब," भागीरथी म्हणाली. रात्रभर रडून तिचा आवाज बसला होता. "चुना मारला, फिनाइलनं पुसलं, लिंबाचा पाला जाळला. चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा काळं. गोधड्यांना वास. आत्याबाईंची छाती भरून यायला लागली. शेवटी यांनी शेगडी आणली. दुपारभर भिंतीपाशी पेटवून ठेवायची, म्हणजे रात्री झोपण्यापुरतं कोरडं व्हायचं."

"रोज पेटवत होता?"

"तीन आठवडे झाले. दार उघडं टाकून आत्याबाई उंबऱ्यात बसायच्या, आणि मी मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या करायला जायची. काल पाऊस आडवा होता. पाणी आत येत होतं. दार लावूनच पेटवते म्हणाल्या. मी भांडले, साहेब. म्हटलं, आज नका पेटवू. 'वर झरोका उघडा शे ना,' असं म्हणाल्या आणि दार लावून घेतलं."

दारातल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. काल सकाळी भांडण झालं होतं, हे त्यांनी आधीच जमादारांच्या कानावर घातलं होतं.

भागीरथीला ते कळलं. "मी कडी बाहेरून कशी लावीन आतली?" ती एकदम म्हणाली.

"तुला कोण विचारतंय?" बाबुराव म्हणाले. ते भिंतीकडं बघत होते. ओल्या चुन्यावर काजळी शाईसारखी बसली होती, छतापासून थेट छातीच्या उंचीपर्यंत. त्यांनी बोट फिरवलं. बोट काळं झालं. "ही काजळी रोज असते?"

"नाही. रोज तर झरोक्याच्या कडेला थोडी असते. ही... ही कालचीच."

बाबुरावांनी झरोक्याकडं पाहिलं. उघड्या झरोक्यातून धूर वरच्या वर निघून जायला हवा. तो खाली छातीपर्यंत उतरला होता.

"काल हा झरोका बंद होता," ते म्हणाले. "आणि तुम्ही दार तोडायच्या आधी कोणीतरी तो पुन्हा उघडला."

३

भूपेंद्रभाईचा हात पट्ट्यात होता. तो जमादारांना बघताच उठून बसला.

"साहेब, मी काय नाय केला. काल हूं त्यां गयोज नथी, तिकडे गेलोच नाय. माताजीच्या सौगंध."

"गच्चीवर नव्हतास?"

"ना. पावसात गच्चीवर कशाला जाऊ?"

"त्या भिंतीला ओल कशानं आली?"

"जमिनीतून चढते, साहेब. इकडली जमीनच तशी. मी या लोकांना शंभर वेळा बोललो, दुसरी जगा शोधा."

बाबुराव म्हणाले, "जमिनीतली ओल खालून वर जाते. ही वरून खाली आलीय. आणि होळीत पाऊस नसतो."

भूपेंद्रभाईनं मान फिरवली.

तिथून ते सरळ चाळीच्या गच्चीवर गेले. मागोमाग हिलाल आणि आणखी दहाबारा जण. गच्चीवर घोट्याएवढं पाणी साचलेलं. कोपऱ्यात टाकी, तिच्या तुटक्या नळीतून पाण्याची धार गच्चीवर पडत होती. पाणी बाहेर जायला भिंतीच्या बुडाशी भोक होतं. त्यातून थेंबही जात नव्हता.

बाबुराव वाकले, बाही वर केली, भोकात हात घातला आणि ओढलं. पोत्याचा चांगला घट्ट वळलेला बोळा बाहेर आला. साचलेलं पाणी गडगडत खाली धावलं.

"बघा!" हिलाल ओरडला. "हाच बोळा! ह्यानंच झरोका बुजवला, आणि मग इथं लपवला!"

खालच्या अंगणात बातमी पोहोचायला वेळ लागला नाही. सुपडू आईला तापीकाठी पोहोचवून आला होता, डोकं भादरलेलं. त्यानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत कालचीच आग होती.

"जमादार," तो खालून म्हणाला, "आते त्याले मन्हा ताबामा द्या."

गर्दी इस्पितळाच्या रस्त्याला लागायला तयार उभी होती. बाबुरावांबरोबर दोनच शिपाई होते.

४

"एकानंही हलायचं नाही!" बाबुराव प्रथमच मोठ्यानं बोलले. "सुपडू, तू वर ये. बाकीच्यांनी खालीच थांबायचं. आईला कोणी मारलं ते कळायला हवं ना तुला? मग स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

सुपडू वर आला. बाबुरावांनी बोळा त्याच्या हातात दिला.

"हुंग."

"कुजेल वास शे."

"हे पोतं महिनोन् महिने पाण्यात होतं. आतवर शेवाळ भरलंय. कालचं नाही. तुझी भिंत होळीपासून ओली आहे ती याच्यामुळं. टाकीचं पाणी गच्चीवर तुंबवायचं, म्हणजे खाली तुम्ही कंटाळून निघून जाल. भूपेंद्रभाईनं तुमचं घर सडवलं, हे खरं. काल तो वर आला होता तो बोळा जागेवर आहे का बघायला. म्हणूनच खोटं बोलतोय. आता मागं चल."

गच्चीच्या मागच्या अंगाला कठडा होता. त्यावर हिरवं, मऊ शेवाळ मखमलीसारखं पसरलेलं. ओरखडाही नव्हता.

"इथून कोणी ओणवं झालं असतं, तर शेवाळ निघालं असतं. आणि खाली बघ. झरोका दिसतो?"

"नही. छज्जा मधे येस."

"मग वरून हात पोहोचणार कसा? काठी घातली तर वाकडी घालावी लागेल. छज्ज्याखाली कोळ्याचं जाळं आहे, मी सकाळी शिडी लावून पाहिलं. अख्खं आहे."

"मग खालतीन?"

खाली मागच्या दोन भिंतींमधली गटारगल्ली. हात पसरले तर दोन्हीकडं टेकतील इतकी अरुंद. तळाशी काळा चिखल. त्यावर पावलाची खूण नाही. शिडी लावली असती तर तिचे पाय रुतले असते. सकाळी बाबुरावांचे रुतले होते, ते दोन खड्डे तेवढे दिसत होते.

"झरोक्याच्या कट्ट्यावर ओलीनं बुरशी माजलीय," बाबुराव सावकाश म्हणाले. "मधला भाग पुसून निघालाय. पुसलेली बुरशी बाहेरच्या कडेला गोळा झालीय. काहीतरी मऊ आणि जाडजूड समोरून आत कोंबलं आणि समोरच ओढून काढलं. वरून नाही, खालून नाही. समोरून."

सुपडूनं मान वर केली. झरोक्याच्या समोर, गटारगल्लीच्या पलीकडं, एकच खिडकी होती.

"नही," तो म्हणाला. "नही जमादार. ती मन्ही मायले मावशी म्हनस."

५

सुंदरा जालन्याकडची. नवरा इच्छापोरला कंत्राटी कामाला. पंधरा दिवसांनी एकदा घरी येई. ती साड्यांवर टिकल्या-खडे लावायचं काम घरी आणायची. खिडकीपाशी उजेडाला बसायची जागा, शेजारी साड्यांचे गठ्ठे, कोपऱ्यात वाळवणाचा लांब बांबू.

दुसऱ्या दिवशी जमादार तिच्याकडं एकटेच आले. सुपडूला त्यांनी जिन्यात थांबवलं होतं.

"बसा, भाऊ," ती म्हणाली. डोळे सुजलेले. "चहा टाकते."

"टाक. साखर कमी." ते खिडकीजवळ बसले. खिडकीच्या चौकटीवर काळपट झाक चढली होती. समोरचा झरोका जरासा खाली, अगदी समोर. "मावशीचा फार लळा होता म्हणे."

"माझं बाळंतपण त्यांनीच काढलं, भाऊ. लेकरू नाही वाचलं. पण त्या चाळीस दिवस माझ्याजवळ निजल्या." तिनं स्टोव्हला पंप मारला.

बाबुरावांनी एक साडी हातात घेतली. पांढरीशुभ्र, चंदेरी टिकल्यांची. तिच्यावर बारीक काळे ठिपके होते.

"ही बुरशी?"

"नाही, ती काजळी. समोरून धूर यायचा ना शेगडीचा. अख्खा लॉट परत आला माझा. मुनीम म्हणाला, अजून एकदा असा माल दिला तर काम बंद." ती सहज बोलली, तिचं लक्ष चहाकडं होतं. "पण परवाचा लॉट पास झाला. एका दुपारीत संपवला मी, एकाही साडीवर डाग नाही. त्याच संध्याकाळी माणूस येऊन घेऊन गेला."

"परवा. म्हणजे मावशी गेल्या त्या दुपारी."

पातेल्यातलं पाणी उकळत होतं. सुंदरा चहापत्तीचा डबा हातात धरून उभी राहिली.

"त्या दुपारी शेगडी पेटली होती," बाबुराव म्हणाले. "मग धूर कुठं गेला, सुंदरा?"

"म्या... म्या खिडकी लावून घेतली होती."

"लाइट गेली होती त्या दुपारी. लूम बंद होते, सगळे सांगतात. खिडकी लावून अंधारात टिकल्या लावल्यास?"

"थोडी... थोडी उघडी होती."

"भूपेंद्रभाई गच्चीवर दिसला तुला. याच खिडकीतून. तू खोटं नाही बोललीस, तो होताच तिथं. म्हणजे खिडकी उघडी. खिडकी उघडी, समोर शेगडी पेटलेली, आणि साड्या पांढऱ्या." त्यांनी साडी खाली ठेवली. "हे कसं होतं, ते तूच सांग आता. दुसऱ्या कुणाची खिडकी नाही इकडं."

उकळतं पाणी उसळून बाहेर सांडलं. स्टोव्ह फरफरून विझला. सुंदरा भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली.

"उशी," ती म्हणाली. "जुनी उशी बांबूच्या टोकाला बांधली. फक्त काम होईपर्यंत. दार उघडं असतंय रोज, मावशी उंबऱ्यात बसत्यात. धूर पुढून जाईल म्हणलं. मला काय ठाऊक पावसामुळं दार लावलंय? इथून पुढचं दार दिसत नाही, भाऊ. काम झालं, उशी काढून घेतली. त्यानंतर भागीरथीची हाक ऐकू आली."

"आणि उशी?"

"खाली पाणी तापवायच्या चुलीत घातली. त्याच संध्याकाळी."

६

जिन्यात पाय वाजले. सुपडू दारात उभा होता. त्याच्या मागं भागीरथी. सुंदराचं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं.

बाबुराव उठून दोघांच्या मध्ये उभे राहिले. परवा मनगट धरताना त्या हातातला जोर त्यांना कळला होता. पण सुपडूचे हात खाली लोंबत होते.

"एक हाक मारायची ना गं," भागीरथी म्हणाली. "समोर तर होतीस. 'मावशी, झरोका लावते' एवढंच. त्या ओरडल्या असत्या तुला, पण दार उघडलं असतं त्यांनी."

"रोज मारत होते हाक," सुंदरा जमिनीकडं बघत म्हणाली. "रोज म्हणायची, मावशी, धूर येतोय. त्या म्हणायच्या, भिंत वाळू दे गं, मग बंद करते. भिंत काय वाळत नव्हती. त्या दिवशी म्हणलं, कशाला पुन्हा तेच बोला."

भागीरथी तोंडात पदर कोंबून जिन्यावर बसली.

सुपडू पुढं आला. बाबुरावांनी छत्रीचा दांडा घट्ट धरला. सुपडू सुंदरासमोर उकिडवा बसला, अगदी जवळ, आणि हळू आवाजात बोलला.

"उशीनं काय व्हई ते तुले समजनं नही, ते मी मानस. माय बी मानती." त्यानं आपला पंजा तिच्यासमोर धरला. "पन परवा मन्हा हातमा सळई व्हती. त्यानं डोकं फुटी जातं. तू तठेच उभी व्हती. तुले माहीत व्हतं. तरी तूच बोलनी, गच्चीवर देखा म्हनीसन. मी खुनी व्हई जातू, सुंदरा. तू मले देखत राहिनी."

सुंदरानं दोन्ही हात जोडले आणि कपाळ त्यावर टेकवलं. सुपडू उठला, बायकोला दंडाला धरून उभं केलं आणि खाली उतरला.

सुंदरानं जमादारांना विचारलं, "मला चलावं लागंल का आत्ता?"

"हो."

"नवऱ्याला कळवाल?"

"माणूस पाठवतो इच्छापोरला."

तिनं राहिलेल्या साड्या घडी करून गठ्ठा बांधला, स्टोव्ह पुसून कोपऱ्यात सरकवला आणि चप्पल घातली. अंगणातून जाताना लोक बाजूला झाले. कोणीही शिवी दिली नाही. परवा भूपेंद्रभाईचं नाव घेऊन ओरडणारे आज एकमेकांच्या नजरा चुकवत होते.

संध्याकाळी बाबुराव इस्पितळात गेले. पहारा काढल्याचं त्यांनी भूपेंद्रभाईला सांगितलं.

त्यानं सुटकेचा श्वास टाकला. मग लगेच म्हणाला, "मारो हाथ तूटी गयो, साहेब. त्या सुपडूवर फरियाद लिहा."

"लिहितो." बाबुरावांनी खुर्ची ओढली आणि कागद काढला. "त्यानं हात का तोडला ते लिहावं लागेल. मग गच्चीवर गेलो नव्हतो असं का सांगितलंस, तेही येईल. मग भोकातला बोळा. तो कुणी घातला, केव्हा घातला, आणि त्या ओलीपायी म्हातारीला दारं लावून शेगडी का पेटवावी लागली, तेही. सांग, कुठून सुरुवात करू?"

भूपेंद्रभाईनं पट्ट्यातला हात पोटाशी ओढला.

"राहू द्या," तो शेवटी म्हणाला.

बाबुरावांनी कागद परत खिशात घातला नाही. तो त्यांनी गुडघ्यावर सपाट केला आणि पेनाचं टोपण काढलं.

"तुझी फरियाद राहू दे," ते म्हणाले. "माझी लिहितो. नाव सांग. पूर्ण नाव."